ओसरीतलं नाटक पडद्यावर नेताना

अंबाजोगाईकडच्या एका हौशी नाट्यसंघाचा प्रश्न आहे. त्यांचं दोन अंकी नाटक अख्खं एका माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराच्या ओसरीत घडतं. ऐन उन्हाळा, तीन दिवस झाले टँकर नाही. घरात म्हातारी आई, शेती करणारा थोरला, त्याची बायको आणि दोन दिवसांसाठी पुण्याहून आलेला धाकटा. त्याला वाटणीचं रान विकून तिकडं फ्लॅट घ्यायचाय. बाप वर्षापूर्वी वारला. प्रयोगाला लोक डोळे पुसत बाहेर पडतात. आता त्यावर चित्रपट करायचा म्हणून मंडळींनी पटकथा लिहिली. तीत शेत, विहीर, एसटी स्टँड, पुण्याचं ऑफिस, गावची जत्रा असं सगळं घातलं. तरी वाचणाऱ्यांचा शेरा एकच: "नाटकच वाटायलंय." चुकतंय कुठं?

तुमची पटकथा दोनदा वाचली. नाटक मुळात भक्कम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागातून रंगभूमीवर आलो, मग संकलनाच्या टेबलावर बसलो आणि आता पटकथा लिहितो. तुमची अडचण मला बाहेरून नाही, आतून माहीत आहे.

आधी त्या एसटी स्टँडचं बोलू. धाकटा गावात येतो तो प्रसंग तुम्ही चार पानांचा केलाय. गाडी स्टँडात शिरते, तो उतरतो, रसवंतीवर थांबतो, रिक्षा ठरवतो, धुळीच्या रस्त्यानं घरापाशी येतो. मग ओसरीवर चढतो, "कसा हाईस?" होतं आणि तिथून पुढं बावीस पानं नाटकातले संवाद जसेच्या तसे. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत नेमकी हीच चूक सांगितली आहे. नाटकात पात्र बाहेरून येतं, म्हणून दिग्दर्शक त्याची टॅक्सी दाखवतो, भाडं देणं दाखवतो, जिना दाखवतो आणि पात्र खोलीत शिरलं की पुन्हा नाटक सुरू. स्वतः 'डायल एम फॉर मर्डर' (1954) करताना त्यानं गोष्ट जवळजवळ पूर्ण त्या फ्लॅटमध्येच ठेवली. नाटकाची ताकद त्याच्या बंदिस्तपणात असते, ती घालवायची कशाला, असं त्याचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. तुम्ही घातलेली शेतं, विहिरी, जत्रा ही नाटकाच्या आजूबाजूला लावलेली चित्रं आहेत. गोष्ट अजून ओसरीतच बसलीय आणि चित्रं संपायची वाट बघतेय.

तुमचा चित्रपट ओसरीच्या बाहेर नाही, विंगेत आहे. म्हणजे काय ते सांगतो.

तुमच्या नेपथ्यात मागच्या भिंतीला एक दार आहे. ते माजघराचं. सून त्या दारातून चहा घेऊन येते, ठेवते, जाते. रंगमंचावर ती आत गेली की विंगेत उभी राहून पुढच्या एंट्रीची वाट बघते. पण त्या घरात, त्या वेळी ती आत काय करत असते? आपल्याकडं रानाचा व्यवहार ओसरीवर बसून पुरुष बोलतात आणि बाया चौकटीच्या आत उभ्या राहून ऐकतात. भाकरी थापायचा हात मध्येच थांबतो तो का थांबला, हे ओसरीवरच्या कुणालाच कळत नाही. नाटकाला तिथं जाता येत नाही, कारण प्रेक्षक खुर्चीत बसलेला आहे. कॅमेऱ्याला चार पावलं आत जायला काहीच लागत नाही. सुनेची नाटकातली वाक्यं मी मोजली, चौदा आहेत. बाकी वेळ ती गप्प आहे आणि सगळं ऐकते आहे. बोलणारा माणूस नाटक चालवतो. पडद्यावर मात्र ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याइतकाच, पुष्कळदा जास्त मोलाचा ठरतो. दोन भावांचं भांडण तुम्ही पुढून, दोघं समोरासमोर असं दाखवलं तर ते नाटकच राहील. तेच भांडण माजघरातून, दाराच्या फटीतून, अर्धं दिसत आणि पूर्ण ऐकू येत दाखवा. संवादाला हातही न लावता तो प्रसंग सिनेमाचा होतो, कारण आता तो कुणाचा तरी अनुभव झाला.

आता संवादांकडं. सरसकट कापू नका. "सिनेमात कमी बोलायचं असतं" हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. आधी प्रत्येक वाक्याला विचारा, तू रंगमंचावर कुठलं काम करत होतास? बाराव्या रांगेतल्या माणसाला रांजणाचा तळ दिसत नाही. म्हणून तुमची आई म्हणते, "आज तिसरा दिस. टँकर न्हाई. रांजणात दोन तांबे उरलंय, त्यात चार माणसं अन् दोन बैलं." हे वाक्य हमाली करतंय. प्रेक्षकाचे डोळे जिथं पोचत नाहीत तिथली माहिती ते पाठीवर वाहून आणतंय. पडद्यावर डोळे तिथं पोचतात, मग ओझं उतरवा.

मी तो प्रसंग असा लिहीन. सून रांजणात हात घालते. हात खांद्यापर्यंत आत जातो. तांब्या बुडाला घासल्याचा खरखरीत आवाज रांजणाच्या पोकळीत घुमतो. भरलेल्या रांजणातून पाणी काढतानाचा आवाज आणि हा आवाज यातला फरक आपल्याकडच्या पोराटोरांनाही कळतो. वर येतो तो अर्धाच तांब्या. ती तो ओसरीवर नेऊन आत्ताच आलेल्या दिराच्या हातात देते. तो दोन घोट पितो, चूळ भरून अंगणात टाकतो आणि उरलेलं पाणी चपलेतल्या पायांवर ओततो. मुद्दाम नाही, प्रवासानं पाय भाजलेत म्हणून. थोरला ते पाणी मातीत जिरताना बघतो. आई थोरल्याकडं बघते आणि मान वळवते, कारण लेक लांबून आलाय. मग आई म्हणते, "जेवून घे बाबा." एवढंच.

पहिल्या अंकातली साडेतीन पानं इथं संपली. रानाचा विषय अजून निघालाच नाही, तरी दोघा भावांत काय तुटलंय ते कळलं. आणि "जेवून घे बाबा" हे वाक्य मी ठेवलं, कारण ते माहिती सांगत नाही, माहिती झाकतं. माझी चाळणी एवढीच आहे. सांगणारी वाक्यं बहुतेक जातात, झाकणारी, टोचणारी, वेळ मारून नेणारी वाक्यं राहतात. दुसऱ्या अंकात आई एकदम बैलांच्या शिंगांना रंग लावायचा विषय काढते, ते कुणाचंही ऐकून काढू नका. तुमच्या अख्ख्या संहितेतलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

एकाच जागेत राहून प्रेक्षक कंटाळेल ही भीती तुम्हाला आहे, ती मला समजते. जागा तीच ठेवून ती बदलत नेता येते. '12 अँग्री मेन' (1957) पाहिला नसेल तर सगळ्यांनी मिळून पाहा. तो आधी 1954 साली टेलिव्हिजनसाठी लिहिलेलं नाटक होता. बासू चटर्जींनी त्यावरून केलेला 'एक रुका हुआ फैसला' (1986) तुम्हाला सहज मिळेल. बारा माणसं, एक खोली. दिग्दर्शक सिडने ल्युमेटनं ठरवून सुरुवातीचा भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून टिपला, म्हणजे शेवटी छत दिसू लागतं. लेन्सही पुढं पुढं जास्त फोकल लांबीच्या, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या वापरल्या, म्हणून भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. खोली तीच, श्वास मात्र कमी होत जातो. आपल्याकडं गोविंद निहलानींनी महेश एलकुंचवारांच्या 'पार्टी'वर 1984 साली चित्रपट केला. तोही मुख्यतः एका घरातल्या एका संध्याकाळचाच आहे, पण कॅमेरा त्या गर्दीत पाहुण्यासारखा फिरतो, कुणाच्या मागं उभा राहून ऐकतो, एका घोळक्यातून दुसऱ्यात सरकतो. त्याच वर्षी केतन मेहतांनी एलकुंचवारांच्याच 'होळी' या एकांकिकेवर चित्रपट केला, त्यात लांबच लांब, न कापलेले शॉट आहेत. वसतिगृहातला उद्रेक तुटक तुकड्यांत न येता वाढत वाढत अंगावर येतो. एकाच लेखकाची दोन नाटकं, दोन दिग्दर्शक, दोन वेगळ्या चाली, आणि दोघांनीही जागा सोडून पळ काढलेला नाही.

तुमच्याकडं तर माळवदाचं घर आहे! त्याच्यासारखं नेपथ्य कुठल्याही स्टुडिओत उभं राहणार नाही. जाड मातीच्या भिंती, आत दुपारीही अंधार, आणि माळवदाला धूर जायला ठेवलेलं भोक. त्यातून रुपयाएवढा उजेड सारवलेल्या भुईवर पडतो. सूर्य मावळतीकडं कलला की तो ठिपका उगवतीकडं सरकत जातो, भिंतीला लागतो, भिंत चढतो. बापाचा हार घातलेला फोटो माजघराच्या उगवतीच्या भिंतीला लावा. नाटकात "चार वाजले की रं" हे वाक्य तीनदा येतं. त्याऐवजी तो ठिपका तीनदा दाखवा, आणि ज्या क्षणी धाकटा कागद काढतो त्या क्षणी तो फोटोच्या काचेवर पोचलेला असू द्या. हे ठरवायला मे महिन्यात एक अख्खा दिवस त्या घरात बसून, तासातासाला उजेड कुठं पडतो ते खडूनं खुणा करून पाहावं लागेल. बसा. छायालेखकाला बरोबर घेऊन बसा.

आणि रान? रान पटकथेत पहिल्याच पानावर आहे, ते तिथून काढा. अख्खा चित्रपटभर ज्या चार एकरांवरून माणसं तुटतायत ते प्रेक्षकाला दिसूच नये. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटा कुणाला न सांगता उठून एकटाच बांधावर जातो, हे नाटकात थोरल्याच्या तोंडून नुसतं कळतं. तेव्हा ते दाखवा, एकदाच. पाऊण चित्रपट अंधाऱ्या घरात काढल्यावर ती नांगरून पडलेली काळी जमीन आभाळापर्यंत दिसली की तिची किंमत कुणी सांगायला नको.

बापाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, फ्लॅशबॅकमध्ये दाखवावा का? हा खरंच अवघड प्रश्न आहे. न दिसणारं माणूस रंगभूमी सहज पेलते. चार वाक्यं बोलली की ते माणूस रिकाम्या बाजेवर बसलेलं दिसायला लागतं. कॅमेरा मात्र रिकामी बाज रिकामीच दाखवतो. प्रशांत दळवींचं 'ध्यानीमनी' आठवा. मनात धरलेला मुलगा, जो नाही तो आहे असं मानून चाललेलं घर. चंद्रकांत कुलकर्णींनीच दिग्दर्शित केलेलं हे नाटक त्यांनी 2017 मध्ये पडद्यावर आणलं. ही दोघंही आपल्या संभाजीनगरच्या मातीतली, तेव्हा मिळवून दोन्ही बाजू अभ्यासा. 'पार्टी'त अमृत हा कवी चित्रपटभर फक्त लोकांच्या बोलण्यात असतो, आणि शेवटी एकदाच, भयंकर रूपात समोर येतो. तुमच्या गोष्टीत मी बाप दाखवणार नाही. त्याच्या चपला ओसरीच्या कोपऱ्यात ठेवीन, आणि वर्ष झालं तरी झाडताना त्या उचलून, खाली झाडून पुन्हा तिथंच ठेवणारी आई दाखवीन.

अशा वस्तू नाटकात दडलेल्याच असतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं, आणि पुढं निघून जायची वेळ येते तेव्हा तेच दार बाहेरून अडकलेलं असतं. रंगमंचावर ती कडी शेवटच्या रांगेला दिसतही नसेल. कॅमेऱ्यासाठी ती जणू नाटक आलं त्या 1967 पासून तयार होती. या नाटकावर सत्यदेव दुबेंनी 1971 मध्ये चित्रपट केला, पटकथा स्वतः तेंडुलकरांची आणि छायालेखन गोविंद निहलानींचं. नाटककारानंच आपलं नाटक पुन्हा लिहावं असं उदाहरण हवं असेल तर हे आहे.

स्वगताचं काय करायचं, हे आईच्या शेवटच्या मोठ्या भाषणामुळं तुम्हाला सतावतंय. स्वगत वाईट नसतं. ते कुणाला उद्देशून आहे हे पडद्यावर ठरवावं लागतं. 'नटसम्राट' 1970 चं, त्यावरचा महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016 चा. बेलवलकर मोठमोठ्यानं, शैलीदार बोलतात ते खपतं, कारण ते नट आहेत आणि ते बोलणं हाच त्यांचा स्वभाव आहे. तरीही चित्रपटानं त्यांना रामभाऊसारखा मित्र दिला आणि शब्दांना ऐकणारा कान मिळाला. 'कट्यार काळजात घुसली'त (चित्रपट 2015) दरबारी गायकी आणि भरजरी बोलणं त्या जगाचंच आहे. त्यात पंडितजी आणि खाँसाहेबांचं आधीचं नातं प्रत्यक्ष घडताना दाखवलं, म्हणून पुढचं वैर नुसतं ऐकीव राहिलं नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावानं 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये (1957) शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं काव्यच बाजूला ठेवलं आणि त्याच्या जागी धुकं, जंगल, बाण आणले. आणि 'घाशीराम कोतवाल'मधला माणसांचा पडदा, म्हणजे ओळीनं उभे राहून पडद्याचं काम करणारे नट, हीच ज्या नाटकाची भाषा आहे, त्याला घरातल्या वास्तवाचा मुलामा देता येत नाही. तिथं सिनेमालाच वेगळा आकार शोधावा लागतो. तुमचं नाटक त्या जातीचं नाही. तुमची आई साधी बाई आहे. ती आयुष्यभराचं दुःख सलग अडीच मिनिटं भाऊबंदांसमोर मांडणार नाही. पण बैलाला मांडेल. गोठ्यात, पाठ थोपटत, तुटक तुटक. शब्द अर्धे करा, बाकीचं तिच्या हाताला करू द्या.

अभिनयाचं सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. माझ्याच एकांकिकेवर मी पहिली छोटी फिल्म केली, पैठणकडच्या एका गावात. नट तेच, पन्नासहून जास्त प्रयोग केलेले. मला वाटलं, तालमीची गरजच नाही. पहिल्या रात्री शूट केलेलं पाहिलं आणि झोप उडाली. जिथं प्रेक्षक हसायचे तिथं प्रत्येकजण हसू ओसरेपर्यंत थांबत होता. हसणारं कुणीच नव्हतं, आणि ती पोकळी पडद्यावर खड्ड्यासारखी दिसत होती. आवाज शेवटच्या रांगेसाठी फेकलेला. समोर भाऊ बसलेला असूनही नजर त्याच्या डोक्यावरून, जिथं प्रेक्षागृह असायचं तिकडं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बंद ठेवला. सगळ्यांना तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं आणि सांगितलं, आत लेकरू झोपलंय, ते उठता कामा नये. आता पूर्ण संहिता म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना एकजण मध्येच थांबून शेंगेतली अळी काढून टाकायला लागला आणि त्याच हातानं काम करत वाक्य पुढं बोलला. तिथून ती फिल्म सुरू झाली. तुम्हीही हेच करा, त्याच घरात, किमान आठवडाभर. आणि बोली घासूनपुसून घेऊ नका. "काय करायलाय", "कामून", "व्हय की" असंच येऊ द्या. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला एखादा शब्द अडला तरी चेहरा कळतो.

आवाजाबद्दल कंजूसपणा नको. शूटच्या जागेजवळ पिठाची गिरणी, बोअरची मोटर, डीजेचं दुकान काय आहे ते आधीच पाहून ठेवा. मोबाईलवरही चित्र बरं येतं, पण खराब आवाज कुठलाच संकलक वाचवू शकत नाही, आणि तुमच्या फिल्मचा निम्मा जीव रांजणाच्या आवाजात आहे. शिवाय प्रत्येक जागेची दोन-दोन मिनिटांची नुसती शांतता वेगळी रेकॉर्ड करून घ्या, जोडकामाला लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात. नाटक तुमच्या संघातल्या एकानं लिहिलंय आणि "आपलाच माणूस आहे" म्हणून काहीच लिहून घेतलेलं नाही, असं दिसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क लेखकाचा असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडं जात नाही. त्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. दोन्ही स्पष्ट लिहा, मानधनही लिहा, मैत्री टिकते. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालंय ते चित्रपटाला चालत नाही. चित्रपटगृहात लावायचा तर सेन्सॉरचं वेगळं लागेल.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. पूर्ण पटकथा पुन्हा लिहायला बसू नका. फक्त तो रांजणाचा प्रसंग मोबाईलवर शूट करा, सकाळी नऊच्या उजेडात, "जेवून घे बाबा" सोडून एकही शब्द नको. तीन-चार मिनिटांचा होईल. ज्यांनी तुमचं नाटक पाहिलेलंच नाही अशा तीन माणसांना तो दाखवा. त्यात एक म्हातारी असू द्या. काही समजावून सांगू नका. पाहून झाल्यावर त्यांना विचारा, या घरात काय चाललंय? रानाचं, फ्लॅटचं त्यांना कळणार नाही, कळायला नकोच. पण "थोरल्याला राग आलाय अन् गिळायलाय" आणि "म्हातारीला समजलंय" ही दोन उत्तरं आली, तर तोच शॉट मला पाठवा आणि माजघरातल्या पहिल्या पानाला हात घाला.